कॅप्टन व्योमचा पत्ता

१९९८ च्या जुलै महिन्यात अकोला जिल्ह्याचे विभाजन होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. त्याच वर्षी दूरदर्शनवर 'कॅप्टन व्योम' ही मालिका सुरू होती. केतन मेहता यांनी दिग्दर्शित केलेल्या या मालिकेत मिलिंद सोमण व्योमची भूमिका करीत. अंतराळातल्या तुरुंगातून पळालेल्या गुन्हेगारांचा पाठलाग हा तिचा विषय. आमच्या सहावीच्या वर्गात त्या दिवसांत मधल्या सुट्टीचा खेळ ठरलेला होता. डब्याचे झाकण हातात घेऊन 'यान' चालवायचे आणि कडुनिंबाच्या पारावर उतरायचे!

एके दिवशी तास संपल्यावर एक मुलगी टेबलापाशी आली आणि तिने विचारले, "सर, कॅप्टन व्योमचा पत्ता काय? मला पत्र लिहायचे आहे." आम्ही हसलो. तो खरा कॅप्टन नाही, नट आहे, यान पुठ्ठ्याचे आहे, असे सांगून तिला जागेवर पाठवले. आम्ही सांगितले ते खोटे नव्हते. पण त्या पत्रात ती काय लिहिणार होती, हे विचारायचे आम्ही विसरलो. पुढे तिनेही ते कधी सांगितले नाही.

बऱ्याच वर्षांनंतर विज्ञान-मालिकांचे नट आणि त्यांचे चाहते यांच्या मेळाव्यांचा इतिहास वाचताना ही चूक आम्हाला पुन्हा आठवली. नटांना भेटायला, त्यांची सही घ्यायला लोक जमतात, त्यात विज्ञानशिक्षकाला स्वारस्य वाटावे असे काय आहे? आम्हालाही आधी तसेच वाटले होते. पण या मेळाव्यांच्या इतिहासात एक प्रसंग असा आहे, की त्याचा धागा थेट अमेरिकेच्या अंतराळवीरांपर्यंत आणि तिथून आपल्या घरातल्या टीव्हीपर्यंत येतो. तो धागा उलगडावा म्हणून हा लेख.

वीस माणसांची सभा

विज्ञानकथांच्या चाहत्यांचे मेळावे टीव्हीपेक्षा जुने आहेत. पहिला मेळावा कोणता यावर वाद आहे. ऑक्टोबर १९३६ मध्ये न्यूयॉर्कचे काही तरुण फिलाडेल्फियातल्या मित्रांना भेटायला गेले, तोच पहिला मेळावा असे अमेरिकी चाहते मानतात. इंग्लंडमधले चाहते ३ जानेवारी १९३७ या दिवसाकडे बोट दाखवतात. त्या दिवशी लीड्स शहरातल्या थिऑसॉफिकल सोसायटीच्या सभागृहात जेमतेम वीस माणसे जमली. त्यांत नट कोणी नव्हता. विज्ञानकथा छापणाऱ्या स्वस्त मासिकांचे हे वाचक होते आणि आपल्यासारखे वेडे आणखी कोणी आहेत का, हे पाहायला आले होते.

त्या वीस जणांत एकोणीस वर्षांचा एक मुलगा होता. त्याचे नाव आर्थर क्लार्क. ब्रिटिश इंटरप्लॅनेटरी सोसायटी या संस्थेचाही तो सभासद होता. अंतराळप्रवासाचे नाव काढले की लोक हसत, त्या काळात ही मंडळी चंद्रावर जाणाऱ्या यानाची गणिते मांडीत. याच क्लार्कने ऑक्टोबर १९४५ मध्ये 'वायरलेस वर्ल्ड' या तांत्रिक मासिकात एक लेख लिहिला. विषुववृत्ताच्या वर सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर एखादी वस्तू फिरत ठेवली, तर तिला पृथ्वीभोवती एक फेरी घालायला पृथ्वीच्या एका परिवलनाएवढाच वेळ लागेल. त्यामुळे जमिनीवरून पाहणाऱ्याला ती आकाशात एकाच जागी स्थिर दिसेल. अशा तीन स्थानकांवरून साऱ्या पृथ्वीवर रेडिओसंदेश पाठवता येतील, असे त्याने मांडले. भूस्थिर उपग्रहाची ही कल्पना लक्षात ठेवावी, पुढे तिची गरज लागणार आहे.

हे मेळावे लवकरच वाढले. जुलै १९३९ मध्ये न्यूयॉर्कला पहिले जागतिक विज्ञानकथा संमेलन भरले. त्याला सुमारे दोनशे लोक आले. त्यांत नुकताच लिहू लागलेला आयझॅक असिमॉव्हही होता. या संमेलनांत मान लेखकाला असे. वाचक त्याला गाठून विचारीत, तुमच्या गोष्टीतला ग्रह सूर्याच्या इतक्या जवळ आहे, मग त्यावर पाणी कसे टिकते? लेखकालाही उत्तराची तयारी ठेवावी लागे. नट या मेळाव्यांत महत्त्वाचे झाले ते टीव्ही आल्यानंतर.

बंद पडलेली मालिका

८ सप्टेंबर १९६६ रोजी अमेरिकेत 'स्टार ट्रेक' ही मालिका सुरू झाली. तिचा कर्ता जीन रॉडनबेरी. तेविसाव्या शतकातले 'एंटरप्राइझ' नावाचे यान अज्ञात ग्रहांच्या शोधात फिरते, एवढाच तिचा सांगाडा. पण यानावरचे कर्मचारी पाहण्यासारखे होते. त्यांत रशियन होता, जपानी वंशाचा चालक होता, दुसऱ्या ग्रहावरचा तर्कनिष्ठ अधिकारी स्पॉक होता आणि संदेशवहन सांभाळणारी ल्युटेनंट उहुरा ही आफ्रिकी स्त्री होती. अमेरिकेत वर्णभेदाविरुद्धचा लढा ऐन भरात होता आणि रशियाशी शीतयुद्ध चालू होते, हे ध्यानात घेतले म्हणजे ही रचना किती धाडसाची होती ते कळते.

मालिकेला प्रेक्षक मोजके होते. दुसऱ्या वर्षीच ती बंद होणार अशी बातमी पसरली, तेव्हा चाहत्यांनी वाहिनीकडे पत्रांचा पाऊस पाडला आणि तिला आणखी एक वर्ष मिळवून दिले. तरीही ७९ भागांनंतर, जून १९६९ मध्ये ती थांबली. गंमत अशी, की पुढच्याच महिन्यात माणूस चंद्रावर उतरला.

थांबलेल्या मालिकेचे जुने भाग मग लहान लहान शहरांतल्या केंद्रांवरून रोज संध्याकाळी दाखवले जाऊ लागले आणि शाळकरी मुले ते पाहू लागली. जानेवारी १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या एका हॉटेलात काही चाहत्यांनी पदरमोड करून या मालिकेसाठी खास मेळावा भरवला. पाचेकशे लोक येतील असा अंदाज होता, आले तीन हजारांहून अधिक! रॉडनबेरी आला, परिचारिकेची भूमिका करणारी मॅजेल बॅरेट आली, असिमॉव्ह आला. आणि एका कोपऱ्यात अमेरिकेच्या अंतराळ संस्थेने, म्हणजे 'नासा'ने, आपले प्रदर्शन मांडले होते. कल्पनेतल्या यानाचे चाहते रांगेत उभे राहून खरा अंतराळपोशाख पाहत होते. पुढच्या मेळाव्यांतून मालिकेचे इतर नटही येऊ लागले.

या चाहत्यांची ताकद १९७६ मध्ये दिसली. नासाने पहिल्या स्पेस शटलचे नाव 'कॉन्स्टिट्यूशन' ठेवायचे ठरवले होते. चाहत्यांनी राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांना हजारो पत्रे पाठवली आणि नाव बदलून 'एंटरप्राइझ' झाले. १७ सप्टेंबर १९७६ रोजी कॅलिफोर्नियात पामडेल येथे ते यान कारखान्याबाहेर आले, तेव्हा मालिकेतले बहुतेक नट तिथे उभे होते. हे शटल हवेत तरंगत उतरण्याच्या चाचण्यांसाठी होते, ते अंतराळात कधीच गेले नाही. म्हणजे कल्पनेतले एंटरप्राइझ ताऱ्यांपर्यंत पोहोचले आणि खरे एंटरप्राइझ जमिनीजवळच राहिले! नाव देणे सोपे असते, उड्डाण अवघड असते, असे वर्गात सांगायला हे उदाहरण बरे आहे.

जिने प्रश्न विचारला ती नटी

आता त्या मुख्य प्रसंगाकडे येऊ. उहुराची भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स या मूळच्या गायिका. मालिकेच्या पहिल्या वर्षानंतर ती सोडून रंगभूमीवर जायचे त्यांनी ठरवले होते. पुढचा प्रसंग त्यांनी स्वतः अनेकदा सांगितला आहे. एका समारंभात त्यांना कोणी येऊन म्हणाले, तुमचे एक मोठे चाहते तुम्हाला भेटू इच्छितात. वळून पाहतात तो समोर मार्टिन ल्यूथर किंग! मालिका सोडू नका, असे किंग यांनी त्यांना बजावले. आमच्या मुलांना पडद्यावर प्रथमच एक काळी स्त्री मोलकरीण म्हणून न दिसता अधिकारी म्हणून दिसते आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. निकोल्स थांबल्या.

१९७५ मध्ये शिकागोला 'स्टार ट्रेक'चा मोठा मेळावा भरला. पाहुण्यांत नासाचे शास्त्रज्ञ येस्को फॉन पुटकामर होते. त्यांनी अंतराळातल्या भावी मोहिमांवर भाषण केले. श्रोत्यांत निकोल्स बसल्या होत्या. त्या मेळाव्याला आल्या होत्या सह्या द्यायला. पण ते भाषण ऐकताना त्यांची जागा बदलली, त्या स्वतःच श्रोता झाल्या. त्यांना प्रश्न पडला, की या सगळ्या चित्रांत माझ्यासारखी माणसे कुठे आहेत? तोवर अमेरिकेच्या अंतराळवीरांत एकही स्त्री नव्हती आणि अंतराळात गेलेला एकही कृष्णवर्णी नव्हता. मालिकेने तिसऱ्या शतकापलीकडचे जग दाखवले होते, पण आजच्या यानाचे दार बंदच होते.

हा प्रश्न त्यांनी मनात ठेवला नाही. त्या नासाच्या लोकांना भेटत राहिल्या, जाहीरपणे बोलत राहिल्या. १९७७ मध्ये स्पेस शटलसाठी नव्या अंतराळवीरांची भरती निघाली, तेव्हा नासाने त्यांच्यावर प्रचाराचे काम सोपवले. निळा गणवेश घालून त्या विद्यापीठांत आणि शास्त्रीय संस्थांत फिरल्या, चित्रफितींतून बोलल्या. सांगणे एकच, की ही भरती सर्वांसाठी आहे, पात्र असाल तर अर्ज करा.

आठ हजारांहून अधिक अर्ज आले. जानेवारी १९७८ मध्ये ३५ जणांची निवड जाहीर झाली. त्यांत सहा स्त्रिया होत्या, तीन कृष्णवर्णी होते आणि जपानी वंशाचे एक होते. सॅली राइड १९८३ च्या जूनमध्ये अंतराळात जाणारी पहिली अमेरिकी स्त्री ठरली. याच तुकडीतले ज्युडिथ रेझ्निक, रोनाल्ड मॅकनेअर आणि एलिसन ओनिझुका २८ जानेवारी १९८६ च्या चॅलेंजर अपघातात मृत्यू पावले. त्या दिवशी यानात क्रिस्टा मॅकऑलिफ ही शिक्षिकाही होती, हे आपल्या व्यवसायातल्या कोणाला विसरता येणार नाही.

आणि याच तुकडीत गायन ब्लुफोर्ड होते.

धाग्याचे दुसरे टोक

३० ऑगस्ट १९८३ च्या रात्री चॅलेंजर यान पाच जणांना घेऊन निघाले. शटलचे ते पहिले रात्रीचे उड्डाण. पाचांत ब्लुफोर्ड होते, अंतराळात गेलेले पहिले कृष्णवर्णी अमेरिकी. यानाच्या पोटात होता भारताचा उपग्रह, इन्सॅट-१ बी. आधीचा इन्सॅट-१ ए काही महिन्यांतच निकामी झाला होता, त्यामुळे आपल्या शास्त्रज्ञांचा जीव या दुसऱ्या उपग्रहात अडकला होता. दुसऱ्या दिवशी तो यानातून बाहेर सोडण्यात आला आणि पुढे भूस्थिर कक्षेत, ७४ अंश पूर्व रेखांशावर स्थिरावला. क्लार्कने १९४५ मध्ये सांगितलेली ती जागा!

वाशिममधून पाहिले तर ही जागा दक्षिणेकडे, किंचित पश्चिमेला कलून, क्षितिजापासून सुमारे ६६ अंशांवर येते. उपग्रह डोळ्यांना दिसत नाही, पण विद्यार्थ्यांना अंगणात उभे करून कोनमापकाने ती दिशा दाखवता येते. छतावरच्या तबकड्या कललेल्या का असतात आणि सगळ्या साधारण दक्षिणेकडेच का पाहतात, याचे उत्तर तिथेच मिळते.

इन्सॅट-१ बी मुळे दिल्लीचा कार्यक्रम देशात कुठेही उतरवता येऊ लागला. १९८४ मध्ये काही महिने दिवसाला एक या वेगाने दूरदर्शनची छोटी प्रक्षेपण केंद्रे उभी राहिली. मुंबई-पुण्याबाहेरच्या गावांत टीव्ही आला तो असा. सुरुवातीला साऱ्या गल्लीत एकच संच असे, बांबूवर अँटेना बांधलेला असे, आणि एक जण छतावर चढून तो फिरवी, दुसरा खालून ओरडे, "आले, आले... गेले!" याच दशकात दूरदर्शनने रविवारी सकाळी 'स्टार ट्रेक' दाखवली. पाठोपाठ १९८९ च्या सुमारास आपल्याकडच्या 'इंद्रधनुष' आणि 'स्पेस सिटी सिग्मा' या मालिका आल्या. 'इंद्रधनुष'मध्ये ऊर्मिला मातोंडकरांनी लहानपणी काम केले होते. मग १९९८ मध्ये आला आमच्या वर्गातल्या मुलीचा कॅप्टन व्योम.

आता धागा जुळवून पाहा. लीड्सच्या वीस जणांच्या सभेतला एक मुलगा भूस्थिर उपग्रहाची कल्पना मांडतो. शिकागोच्या मेळाव्यात एका नटीला प्रश्न पडतो आणि ती अंतराळवीरांच्या भरतीत उतरते. त्या भरतीतला एक जण ज्या यानातून जातो, त्याच यानातून भारताचा उपग्रह जातो. त्या उपग्रहामुळे विदर्भातल्या एखाद्या घरात रविवारी सकाळी तीच नटी पडद्यावर दिसते.

इथे शिक्षक म्हणून एक खबरदारी घ्यायला हवी. घटनांची साखळी म्हणजे कारणांची साखळी नव्हे. ब्लुफोर्ड हवाई दलातले अनुभवी वैमानिक होते, विमानविद्येतले डॉक्टरेटचे काम त्यांनी केले होते. त्यांची निवड त्यांच्या गुणांवर झाली, निकोल्सबाईंमुळे नव्हे. लीड्सची सभा भरली नसती तरी क्लार्कने तो लेख लिहिला असता. सॅली राइडने तर भरतीची बातमी विद्यार्थ्यांच्या वर्तमानपत्रात वाचली होती. मग मेळाव्याचे श्रेय किती? आम्हाला वाटते ते एवढेच: ज्या माणसांची एरवी गाठ पडली नसती ती तिथे समोरासमोर आली आणि एकीला प्रश्न विचारता आला. श्रेय थोडे आहे, पण खरे आहे. मे जेमिसन सप्टेंबर १९९२ मध्ये अंतराळात जाणारी पहिली कृष्णवर्णी स्त्री झाली. आपल्याला लहानपणी उहुराने धीर दिला असे तिने सांगितले आहे, आणि अंतराळात आपली प्रत्येक पाळी ती उहुराच्या वाक्याने सुरू करी. पुढच्याच वर्षी 'स्टार ट्रेक'च्या नव्या मालिकेत एका भागात तिने छोटी भूमिकाही केली. खरी अंतराळवीर खोट्या यानात! निकोल्स ३० जुलै २०२२ रोजी वारल्या.

आपल्याकडचे मेळावे

आपल्याकडे असे काही होते का? २०११ पासून दिल्ली-मुंबईला 'कॉमिक कॉन' भरू लागले. तिथे मुले आवडत्या पात्रांचे वेष करून जातात, नटांना भेटतात. वाशिमहून मुंबई पाचशे किलोमीटरांहून अधिक दूर आहे आणि तिकीटही काढावे लागते. तेव्हा तो मार्ग आपल्या बहुतेक विद्यार्थ्यांचा नव्हे. शिवाय परदेशांतल्या मोठ्या मेळाव्यांत आता सहीला दर असतो, छायाचित्राला वेगळा दर असतो. तासभर रांगेत उभे राहायचे आणि नटासमोर अर्धे मिनिट. माणसे वीसची वीस हजार झाली, की प्रश्नाला जागा उरत नाही.

महाराष्ट्रात मात्र एक वेगळीच परंपरा आहे आणि ती आपण नीट ओळखलेली नाही. २४ एप्रिल १९६६ रोजी मुंबईत मराठी विज्ञान परिषद स्थापन झाली. परिषदेची अधिवेशने वेगवेगळ्या गावी भरत आली. १९७० पासून परिषदेने विज्ञानकथांची स्पर्धा सुरू केली. १९७४ च्या स्पर्धेत 'कृष्णविवर' नावाची एक कथा पहिली आली. लेखकाचे नाव होते नारायण विनायक जगताप. हे जगताप कोण, तर जयंत विष्णू नारळीकर! आपल्या नावाची आद्याक्षरे उलटी करून त्यांनी टोपणनाव घेतले होते. अक्षर ओळखू येऊ नये म्हणून हस्तलिखित पत्नी मंगलाताईंच्या हातचे होते. नावामुळे बक्षीस मिळू नये, कथेमुळे मिळावे, एवढाच त्यांचा हेतू.

अमेरिकेत विज्ञानाच्या वतीने नटी बोलली, आपल्याकडे स्वतः वैज्ञानिकच कथाकार होऊन आणि पुढे 'ब्रह्मांड' या मालिकेतून टीव्हीवर येऊन बोलू लागला. साहजिकच नारळीकर जिथे जात तिथे मुलांचा गराडा पडे. भाषण संपले की शंभर वह्या पुढे येत. त्यावर त्यांनी एक तोड काढली, ती आम्हाला या साऱ्या इतिहासातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. ते मुलांना सांगत, सही आत्ता मिळणार नाही. घरी जा, विज्ञानातला एक प्रश्न पोस्टकार्डावर लिहून मला पाठवा. मी उत्तर लिहीन आणि खाली सही करीन. मुलांनी पोस्टकार्डे पाठवली आणि त्यांनी उत्तरे लिहिली. त्या मुलांना सही मिळाली, पण तिच्या वरच्या चार ओळी सहीपेक्षा मोलाच्या होत्या. शिवाय प्रश्न सुचण्यासाठी मुलाला घरी बसून विचार करावा लागला, तो लाभ वेगळाच. नारळीकर २० मे २०२५ रोजी गेले. कित्येक घरांत ती पोस्टकार्डे अजून जपून ठेवलेली असतील.

निकोल्सबाई आणि नारळीकर यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. तरी दोघांनी एकच गोष्ट केली. चाहता आणि तारा यांच्यामध्ये जी सहीची वही असते ती बाजूला सारून त्यांनी तिथे प्रश्न ठेवला. शिकागोत तो प्रश्न ताऱ्यालाच पडला, इकडे तो चाहत्याकडून मागून घेतला गेला.

वीस मुलांचा मेळावा

मग आपल्या शाळेत काय करता येईल? नटांना बोलावणे आपल्या आवाक्यातले नाही आणि त्याची गरजही नाही. लीड्सला तरी कोण नट होता? आम्ही सुचवतो ते एवढेच. एखाद्या शनिवारी विज्ञान-मालिका, चित्रपट किंवा गोष्टी आवडणाऱ्या वीसेक मुलांना एकत्र बसवावे. आवडत्या पात्राचा वेष करून यायचे तर येऊ द्यावे, शिवलेल्या कपड्यांची सक्ती नको, पुठ्ठा आणि चांदीचा कागद पुरे. मग तीन कामे द्यावीत.

पहिले काम, चुका शोधणे. पडद्यावर अंतराळात स्फोट झाला की मोठा आवाज येतो. तिथे हवा नाही, मग आवाज कोणत्या माध्यमातून आला? यानातली माणसे घरातल्यासारखी चालतात, ती तरंगत का नाहीत? चुका काढल्याने मालिकेची गोडी कमी होत नाही, उलट मुले पुढचा भाग अधिक बारकाईने पाहतात. कल्पित गोष्टींमुळे मुलांच्या डोक्यात चुकीचे विज्ञान शिरते, ही आपल्यापैकी अनेकांची तक्रार आहे आणि ती रास्तही आहे. तिच्यावर उपाय मात्र हाच आहे.

दुसरे काम, पडद्यावर कोण नाही ते पाहणे. यानात मुली किती? खेड्यातले कोणी आहे का? यान दुरुस्त करणारा, स्वयंपाक करणारा दिसतो का? निकोल्सबाईंना पडलेला प्रश्न आपल्या मुलांनाही पडू द्यावा. उत्तर आपण घाईने देऊ नये.

तिसरे काम, प्रत्येकाने एक पोस्टकार्ड लिहिणे. प्रश्न शक्यतो आपल्या गावाचा असावा. त्यासाठी वाशिमला लांब जावे लागत नाही. वाशिमचे जुने नाव वत्सगुल्म. भास्कराचार्यांनी ११८३ च्या 'करणकुतूहल' या ग्रंथात पृथ्वीच्या मध्यरेखेवरची जी गावे सांगितली आहेत, त्यांत उज्जयिनीबरोबर वत्सगुल्मही आहे. म्हणजे आज आपण ग्रिनिचपासून रेखांश मोजतो, तसे ज्या रेषेपासून ते मोजले जात त्या रेषेवर आपले गाव! पण आजचा नकाशा उघडला तर उज्जैन ७५.८ अंशांवर आहे आणि वाशिम ७७.१ अंशांच्या थोडे पुढे. फरक सुमारे १.४ अंशांचा. पृथ्वीला एक अंश फिरायला चार मिनिटे लागतात, तेव्हा उज्जैनपेक्षा वाशिमला मध्यान्ह साडेपाच मिनिटे आधी होतो. दोन गावांतल्या वेळेचा साडेपाच मिनिटांचा फरक घटिकापात्राच्या काळात कसा कळावा? त्या काळी रेखांशातले अंतर कशावरून काढीत? चंद्रग्रहण दोन्ही गावांना एकाच क्षणी दिसते, त्याचा उपयोग होत असेल का? हे पोस्टकार्डावर मावण्याजोगे प्रश्न आहेत आणि मोठ्यांनाही विचारात पाडणारे आहेत. रिसोडच्या शाळांना शेजारचे लोणार आहेच. उल्केच्या आघाताने बेसाल्ट खडकात झालेल्या त्या विवरावर एखाद्या विज्ञानकथेचे यान सहज उतरू शकेल!

पोस्टकार्डे कोणाला पाठवायची? जवळच्या महाविद्यालयातले भूगोलाचे किंवा भौतिकीचे प्राध्यापक, भारतीय हवामान विभाग, पुण्याची आयुका, मराठी विज्ञान परिषद, जो प्रश्न ज्यांचा असेल त्यांना. सगळ्यांची उत्तरे येणार नाहीत. आली नाहीत तरी वीस प्रश्न शाळेच्या फळ्यावर राहतील आणि पुढच्या वर्गाला उपयोगी पडतील.

सुरुवातीला सांगितलेली ती मुलगी आता चाळिशीकडे आली असेल. तिने पत्ता विचारला तेव्हा आम्ही नट आणि पात्र यांतला फरक समजावत बसलो. तो तिला माहीत नव्हता असे आम्ही गृहीत धरले. कदाचित तिला तो चांगला ठाऊक असेल आणि तिला यानाबद्दलच काही विचारायचे असेल. आज कोणी असा पत्ता विचारला, तर आम्ही आधी एक कोरे पोस्टकार्ड पुढे करू आणि म्हणू, "काय विचारायचे आहे ते आधी लिही. पत्ता आपण मग दोघे मिळून शोधू."